खिडकी क्रमांक दोन

सकाळी पावणेसातला मी खिडकीची झडप वर सारते.
मागच्या फळीवर दोनशे चाळीस डोसिमीटर
चार्जिंगच्या खाचांत ओळीने उभे,
प्रत्येकाच्या कपाळावर हिरवं शून्य.
नाव सांगायचं, कार्ड टेकवायचं, घ्यायचं.
मी दररोज तेच वाक्य म्हणते:
"छातीवर. काच बाहेर. कोटाच्या आत नाही."
येफिम दररोज तेच उत्तर देतो:
"निजोले, लग्नातसुद्धा एवढं नीट फूल नव्हतं लावलं मी."

अणुभट्टी विझून किती वर्षं झाली.
आता तिची हाडं कापायचं काम चालतं,
पाइप, पत्रे, करवत, ओली फडकी.
पूर्वी तिच्या ऊन पाण्यामुळे
भर जानेवारीतही तळं गोठत नसे,
हंस दक्षिणेला जायचं विसरत.
आता बर्फ धरतो. म्हातारे त्याला भोक पाडून
बादली पालथी घालून बसतात, गळ सोडतात.
दिसत काही नसलं तरी खाली काहीतरी आहे
यावर त्यांचा विश्वास असतो.
मलाही तेवढ्याचाच पगार मिळतो.

हे यंत्र सिगारेटच्या पाकिटाएवढं.
ज्याला वास नाही, रंग नाही, ऊब नाही
त्याला ते एक आवाज देतं: टिक.
जवळ गेलात की टिकटिक,
आणि मर्यादा ओलांडली की असं किंचाळतं
की माणूस हातातलं टाकून बाहेर येतो.
यायलाच हवा.
ते कुणाला वाचवत नाही. चिलखत नाही ते.
फक्त चुगली करतं, वेळेवर.

गुरुवारी दोघे एकत्र परतले, येफिम आणि व्हिदमांतास.
एकच खोली, एकच पाइप, दोन तास दहा मिनिटं.
येफिम: एकशे सत्तेचाळीस मायक्रोसिव्हर्ट.
व्हिदमांतास: तीन.

तीन तर आतला नुसता जिना चढून उतरलं तरी पडतात.
मी आकड्याकडे पाहिलं. त्याने माझ्या हाताकडे.
तिथे शिशाच्या विटांमागे एक खिळा आहे.
त्याला कोण काय टांगतं, सगळ्यांना ठाऊक आहे
आणि कुणालाच ठाऊक नाही.
वर्षाची मर्यादा भरत आली होती त्याची.
भरली की जानेवारीपर्यंत बाहेर झाडू, साधा पगार,
आणि मुलगी कौनासला, दंतवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला.
"लिही ना," तो हळूच म्हणाला. "तीन तर तीन."

माझ्या वडिलांची वही माझ्याकडे आहे.
त्यांच्या वेळी खिशाला पेनासारखी नळी असे;
संध्याकाळी ती उजेडाकडे धरून डोळा लावायचा,
आणि मग मुकादम सांगेल तो आकडा लिहायचा.
एकोणीस महिने, सुट्ट्या वगळून, एकच आकडा.
एकाच शाईत. अक्षर मात्र सुरेख.
ते कशाने गेले, ते वहीत नाही.
कशाने गेले नाहीत, तेही नाही.

मी तीन लिहिलं, कारण यंत्र तीन म्हणत होतं.
शेजारी एकशे सत्तेचाळीस लिहिलं.
दोन्हींखाली रेघ मारली
आणि फोन उचलला.

तो भांडला नाही. बूट बदलायला बाकावर बसला.
नाडीची गाठ सोडवायला त्याला फार वेळ लागला.

शनिवारी पावाच्या दुकानात तो माझ्या पुढे होता.
काळा पाव एकच उरलेला.
त्याने घेतला, सुटे पैसे मोजून दिले,
आणि माझ्या बाजूने गेला,
जशी मी भिंत, आणि तीही जाड.

आज सोमवार. त्याचं नेहमीचं यंत्र खाचेतच आहे,
कपाळावर हिरवं शून्य.
हे शून्य खरं आहे.

येफिम येतो. कार्ड टेकवतो.
फुलाचं काही म्हणत नाही.
मी थोडा वेळ थांबते, मग माझं वाक्य म्हणते.
छातीवर.
काच बाहेर.