उताराकडची बाजू

आमचं गाद्यांचं दुकान. तीन मजले,
वर जाता जाता पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती झालेली विटांची भिंत,
चौकटीवर कोरलेलं साल : सोळाशे एकोणतीस.
त्याखाली आमची पाटी : शनिवारपर्यंत वीस टक्के सूट.

ल्युनेबुर्ग मिठाचं गाव.
कैक पिढ्या इथल्या लोकांनी
पायाखालचं मीठ उपसलं, आटवलं, होड्यांत भरून विकलं,
आणि खाली जी पोकळी राहिली तिच्यात
घरं उतरत राहिली, वर्षाला नखभर.
आमचंही एक खांदा टाकून उभं आहे
शेजारच्या बेकरीच्या अंगावर.

म्हणून दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक पलंगाच्या
खिडकीकडच्या दोन पायांखाली पाचरी.
ओल्टमानबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं :
गिऱ्हाईक घरंगळता कामा नये.
चादर जमिनीपर्यंत सोडायची, पाचर दिसता कामा नये.

गुरुवारी एक म्हातारी आली. कोट काढला नाही.
मी विचारलं, मऊ हवी की कडक?
म्हणाली, वरची.
कठडा आम्ही नवा बसवलाय, पितळी.
ती भिंतीला हात लावून चढली.

तिसऱ्या पलंगापाशी थांबली,
खिडकीकडच्या कडेला आडवी झाली, बुटांसकट.
(बुटांसाठी आम्ही पायथ्याशी प्लॅस्टिक घालतो.)
छताकडे बघत म्हणाली,
हे सपाट आहे.
तक्रारच होती ती.

काढ, म्हणाली. खाली जे काय घातलंयस ते.

मी जिन्याकडे पाहिलं. मग पलंगाला खांदा दिला.
पिसांच्या उश्यांच्या गठ्ठ्याहून
जरा जड असेल इतकीच ती.
एक पाचर सहज निघाली,
दुसरी टाचेनं हाणून काढावी लागली.
पलंग करकरला आणि घराच्या बाजूनं झाला.

"मी इथं, खालच्या अंगाला.
गेशे तिकडे. आणि पहाटेपर्यंत अख्खी गेशे माझ्या अंगावर.
कोपरानं ढकलायचे मी तिला.
रोज."

कोपर तिनं उचललेलंच होतं.
गादीची वरची अर्धी बाजू पांढरी, ताणलेली,
किमतीचं लेबल मधोमध.
बराच वेळ आम्ही दोघं वाट पाहिली.
वरून कुणी आलं नाही.

खाली उतरल्यावर तिनं पाकीट काढलं :
केवढ्याला?
गादी?
पाचर.

तिला काय किंमत लावणार.
जुन्या ओकची, कडेला काळी पडलेली;
मी ती तिच्या पिशवीत टाकली, पावाशेजारी.

रात्री दुकान बंद करताना दिवे मालवले
तर वर कुठंतरी तुळई बोलली.
गावभर घरं अशीच,
खाल्ल्या मिठाला जागत असतात.
झोपायचं सामान आम्ही विकतो.

सकाळी ओल्टमानबाई वाकून बघत म्हणाल्या,
तिसऱ्याची एक पाचर कुठाय?
पुठ्ठ्याची घडी करून सरकवत
मी म्हटलं,
उंदीर असेल.