आई दाखवली होती

आई दाखवली होती, हे मी आधीच सांगते,
कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात:
डॉक्टर, पोलीस, माझी जाऊ मॉयरा,
जी स्वतःला शहाणी समजते
आणि दुर्दैवानं आहेही.

गर्व्हनच्या पुढे, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
शेवटून दुसरं घर. दाराशी लॅव्हेंडरची कुंडी,
आत काहीतरी भाजल्याचा गोड वास.
बाईही गोड. स्वेटरला एक गुंडी कमी.
म्हणाली, आम्ही काही धंदेवाले नाही हो,
आमच्या टिलीला एकदाच होऊ दिली पिल्लं.

टिली शेगडीपाशी पडलेली.
चार पिल्लं तिच्या पोटाला ढुशा देत होती
आणि ती भिंतीकडे बघत होती,
बसथांब्यावर दुसऱ्याचं मूल रडायला लागलं
की आपण वेळापत्रक वाचतो,
तशी.

मला दिसलं होतं.
हेही आधीच सांगते.

पण तोवर किर्स्टीनं त्यातलं तांबूस पिल्लू
कोटाच्या आत घातलं होतं,
गळ्यापाशी नुसतं नाक बाहेर,
आणि त्याचं नावही ठेवून झालं होतं. ब्रॅकन.
नऊ वर्षांच्या मुलीच्या कोटातून
काही परत काढून दाखवा.

नऊशे पौंड, रोख.
पावतीचं विचारलं तर बाई हसली,
माझ्या कोपराला हात लावला,
जणू मीच काहीतरी अवघड बोलले.
निळं कार्ड दिलं. दोन लशी, दोन सह्या,
दोन्ही एकाच पेनानं, एकाच घाईत.

गाडीत पिल्लाला शॅम्पूचा वास येत होता.
शॅम्पूच्या खाली डिझेलचा.
मी काच खाली केली.

तिसऱ्या रात्री त्यानं पाणी सोडलं.
मग जे गेलं ते रक्तच होतं,
आणि तो वास, तो मी इथे लिहीत नाही.
डॉक्टर केल्सोंनी अंगठ्यानं जबडा उघडला.
आठ आठवडे म्हणाली ती? पाच. ओढूनताणून सहा.
कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले,
या दिवशी याचे डोळेसुद्धा मिटलेले असणार.
पार्व्हो, म्हणाले. पुढचं हळू आवाजात.

माझ्या अंगठ्याहून बारीक पायात सलाईनची सुई.
घरी येऊन मी ब्लीचनं फरशी पुसली,
पांघरूण जाळलं, दोनदा हात धुतले,
आणि बागेच्या मातीचं काय करायचं ते कळेना.
तिथे तो रोग वर्षभरही टिकतो म्हणे.

फोन: हा क्रमांक वापरात नाही.
रविवारी एकटीच गेले. कुंडी जागच्या जागी.
दार उघडलं टॉवेलच्या झग्यातल्या माणसानं,
लीड्सहून आठवड्याच्या सुट्टीवर आलेला.
आम्ही कालच आलो, म्हणाला,
आणि तुम्ही घरमालकीण असाल तर सांगतो,
शेगडीपाशी कुत्र्याचे केस आहेत.

बाई हातावर तुरी देऊन गेली होती,
शेगडीपाशी तेवढे केस ठेवून.

ब्रॅकन बुधवारी पहाटे गेलं.
किर्स्टी रडली नाही. शाळेचे मोजे घालता घालता
तिनं विचारलं, त्याच्या आईला कळलं असेल?
टिलीला? मी म्हटलं.
टिली नाही गं, म्हणाली. आईला.

संध्याकाळी धक्क्यावरून दिसतात
पलीकडून येणाऱ्या बोटी, पोटात ट्रक भरलेल्या.
पूर्वी मी त्यांचे दिवे मोजायचे.
आता वाटतं, त्या पाण्यापलीकडे कुठल्याशा शेडमध्ये
एक तांबूस कुत्री उभी असेल,
दूध दाटून आलेलं,
आणि ती मात्र भिंतीकडे बघत नसेल.

पोलिसांच्या अर्जात अकरावा प्रश्न:
खरेदीच्या वेळी आई पाहिली होती का?
दोनच चौकोन.
मी "हो"वर खूण केली.