झाडूगाडी

एरवी मी शाळेची पोरं ने-आण करतो.
त्या रविवारी पालिकेनं काचेवर कागद चिकटवला :
शर्यत समाप्त.
म्हणजे माझी बस ज्याच्या पुढे जाईल, त्याची.

माझ्यामागे फक्त सफाईवाले,
आणि त्यांच्यामागे पुन्हा उघडत जाणारं पालेर्मो,
एकेक अडथळा उचलला जातो, एकेक स्कूटर सुटते.
लोक बसला झाडूच म्हणतात.

मे सरत आलेला. दहालाच ऊन मी म्हणत होतं.
सिरोको तीन दिवस मुक्कामाला,
आफ्रिकेची वाळू बोनेटवर, भुवयांत,
पाववाल्याच्या तिळांवर.

बसमध्ये अकरा जण.
एक जर्मन दंतवैद्य, बूट मांडीवर घेऊन,
आजारी मांजर घ्यावं तसे.
मिलानचे दोन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे.
कातानियाची मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती,
मी थांबले नाही, मला थांबवलं.
आतला आरसा मी छताकडे वळवला.
हरलेल्या माणसाला आरशातून बघू नये,
एवढं मला कळतं.

आणि समोर ती.
साठीच्या पुढची, पांढरी टोपी,
टोपीखाली कोबीचं पान.
ते बाजाराच्या तोंडाशी नुंत्सियानं ठेवलेलं :
भाजीचा गाडा सोडून आली, हिची टोपी काढली,
पान बसवलं, टोपी दाबली,
आणि जा म्हणून पाठीवर थाप.
दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं.

ती पळत नव्हती. चालतही नव्हती.
या दोन्हींच्या मध्ये एखादं क्रियापद असणार,
मला ते कुणी शिकवलं नाही.
पहिला गिअर. क्लचवरचा माझा पाय थरथरायला लागला.

तिसऱ्या मजल्यावरून बनियनवरच्या गास्पारेनं
पाईप सोडला तिच्यावर.
आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं.
टाकीत किती उरलंय ते त्याला पक्कं ठाऊक,
तरी ती कोपरा वळेपर्यंत
त्याचा हात नळाकडे गेला नाही.

सदतिसावा किलोमीटर. बारा वाजून गेलेले.
कार्यालयातून आवाज : कालोजेरो, उचल तिला.
मी हॉर्न वाजवला, अगदी एवढासा,
झोपलेल्या घरासमोर वाजवतात तसा.
ती वळली. गालांवर मिठाचे पांढरे ओघळ.
नंबराखाली नाव होतं : आउने, फिनलंड.
मी दार उघडलं.
आतली हवा बाहेर गेली, बाहेरची आत आली,
दोघींत काही फरक नव्हता.

तिनं नंबर काढून दिला.
मग चार पिना,
एकेक मोजून, माझ्या तळहातावर, बंद करून,
टोचू नयेत म्हणून.
आणि फुटपाथवर चढली.
मग पुन्हा तेच, ते नाव नसलेलं.

पुढच्या चौकात सिग्नल लाल होता.
रस्ता रिकामा, सावलीतलं कुत्रंसुद्धा उठलेलं नाही.
अशा वेळी आमच्याकडे लाल हा नुसता रंग असतो.
ती थांबली.
सदतीस किलोमीटर भाजून निघालेली बाई,
आता कुणाच्याच घड्याळात नसलेली,
गुडघ्यांवर हात टेकून
हिरव्याची वाट बघत राहिली.
जर्मन हसला.
मग नाही हसला.

मी माणसं समुद्राकाठी उतरवली.
दंतवैद्यानं अनवाणीच खाली उतरून हात मिळवला,
फरशी तापलेली, तरी घाई केली नाही.

ती पोचली का, मला माहीत नाही.
विचारणार कुणाला? कमान दोन वाजताच उतरवली.

सोमवारी पुन्हा पोरं.
माझ्या बाजूचा पडदा उन्हात सारखा उडायचा,
तो दोन पिनांनी टोचून टाकलाय.
एक डब्यात आहे.
एक मिरेल्लाच्या दप्तराला, पट्टा तुटला होता.