कच्चा टाका

पिंपळखुट्याला मंगळवारी दुपारभर लाइट नसते.
शेहेचाळीसचं ऊन दुकानाच्या पत्र्यावर,
पायमशीन चालवता चालवता पंचफुलाबाई विचारतात,
"तिकडं हैदराबादले करतं काय वं तू दिवसभर?"

मी त्यांच्याच डब्यातली फीत उचलली.
हा आरएनए, म्हटलं. एकपदरी.
डीएनएसारखी याला बहुधा जोड नसते,
म्हणून हा स्वतःकडेच वळतो,
आपलंच दूरचं एखादं अक्षर शोधतो
आणि धरतो. असं.
फितीचा फासा झाला, चिमटीत मावेलसा.

"धरते कशानं?"
टिचबटणं असतात बाई, हायड्रोजनची.
जी आणि सीला तीन, ए आणि यूला दोन,
जी-यूची जोडी जरा तिरकी बसते, तरी दोन.
माझं काम त्याच्याही खालच्या पायरीवरचं:
यूसमोर यूच येतो तेव्हा
कधी एकच बटण नीट लागतं.
दुसरीकडे कार्बनवरचा हायड्रोजन
समोरच्या ऑक्सिजनकडे नुसता कलतो.
इतकं थोडं, की याला बंध म्हणावं का
यावरच वर्षानुवर्षं वाद.

बाई वाकल्या. माझ्या सलवारीची कड धरली.
संत्र्याच्या बागेतून आलेली मी,
पोटरीभर कुसळं.
एक ओढलं, सहज निघालं.
"हे असं?"
असंच.
"एकटं निंघते. पन पायभर असले का चालू देत नाहीत."

मग एक ब्लाउज पुढे केला, लग्नाचा, जांभळा,
कडेने पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके.
"हा कच्चा. पोरगी उद्या घालून पाहीन,
कुठं ढिल्लं, कुठं दाटते,
मंग वढला का निंघला.
पक्काच मारला असता त मापात आला असता काहून?"

प्रयोगशाळेत आम्ही नळी नव्वद अंशांवर नेतो.
सगळं सुटतं, रेणू दोरीसारखा मोकळा.
थंड होता होता तो पुन्हा
आपली घडी आपण घालतो,
बहुतेक वेळा.
कधी चुकीचीही घालतो, आणि तीही टिकते.
ते मी बाईंना सांगितलं नाही.

चारला लाइट आली. पंख्याच्या वाऱ्याने
टेबलावरचा फासा उलगडला,
फीत सरळ खाली लोंबायला लागली.
"गुंडाळून ठेव वं ते,"
बाई मशीनवरून मान न काढता म्हणाल्या,
"गिऱ्हाइकाची आहे."