भाऊबंद

मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर,
नेमगोंडा मगदूमच्या मांडीवरची खरवड
काचेच्या बशीत वाढतेय, आज चौदावा दिवस.
पांढरी, सरकीच्या बोंडासारखी, मधोमध जराशी उंच.
देखणी आहे. हे मी कुणाला सांगत नाही.

नेमगोंडा सांगलीच्या यार्डात पोती उचलतो.
तीन डॉक्टर झाले, एक वैदू,
आणि मेडिकलवाल्यानं मनानंच दिलेली चार मलमं.
"दिवसभर हळदीत असतो मॅडम,
आणि मलाच नायटा?"
मी हसले. तो हसला नाही.
बायको आता चादर वेगळी घेते,
हे त्यानं फॉर्मवर सही करता करता सांगितलं.

औषधाची चकती ठेवली की
भोवती मोकळं रिंगण पडायला हवं.
ही चकतीवरच चढून बसलीय.
एका प्रथिनातलं एकच अक्षर बदललंय तिनं.
कुलूप तेच, आतला दात तेवढा घासलेला.

लोकांना वाटतं, बुरशी म्हणजे झाडापाल्यातलं काहीतरी.
नाही. झाडांपेक्षा ती आपल्याला जवळची.
अब्जभर वर्षांमागे वाटण्या झाल्या,
चुली वेगळ्या झाल्या, भांडी बरीचशी तीच राहिली.
म्हणून तिच्यावर ओतलेलं विष
आपल्या यकृताच्या उंबऱ्यातही सांडतं.
भाऊबंदाची विहीर नासवायची कशी,
झरा एकच असताना?

रेहाना एकेक जनुक मालवून बघते.
हा नसला तरी जगते.
हाही नसला तरी जगते.
हा नसला की आजारते, पण जगते.
आम्हाला असा दिवा हवाय
जो विझला की तिचं घर संपेल
आणि जो आपल्या घरात कधी लागलाच नव्हता.

मंगळवारी एक सापडला, भिंतीजवळचा.
तिच्या पेशीला भिंत असते, आपल्या पेशीला नसते;
त्या भिंतीचा एक गवंडी.
रेहानानं मला हाक मारली नाही,
नुसतीच खुर्ची सरकवून दिली.
बशीत काही नव्हतं.
इतकं स्वच्छ काही नसणं मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

संध्याकाळी गच्चीवर चहा.
तासगावकडे द्राक्षांवर फवारे चालू असतील,
त्यातलं निम्मं आमच्या वॉर्डातल्या औषधांचं सख्खं भावंड.
रेहाना म्हणाली, "हे पुढं गेलं, तर आधी कुठं पोचेल?
त्याच्या मलमात, की त्यांच्या टाकीत?"
मी कप विसळला.

नेमगोंडाचा फोन येऊन गेला होता. दोनदा.