वूडचक, नर, पावणेचार किलो

बाप मारायचा यांना.
गोठ्याच्या दारावर खडूच्या रेघा,
पाच झाल्या की आडवी एक.
याच्या बिळात पाय जाऊन घोडी मोडली त्याची, एकदाच,
तेवढं पुरलं त्याला जन्मभर.
काडतुसं मोजून मीच द्यायचे.

आता मी याच्या मांडीवरचे केस काढते
छोट्या मशीननं, हळू.
भूल चढली की ओठ ढिला पडतो,
पिवळे दात दिसतात, म्हाताऱ्या मास्तरासारखे.
खाली कोमट पाण्याची गादी.
डार्लीन, अंग गार पडतंय का बघ, डॉक्टर हॅविलँड म्हणतात.
मी बघते. छत्तीस पूर्णांक आठ.

जन्मल्या आठवड्यातच टोचला विषाणू
माझ्या आधीच्या बाईनं; सहीवरून डावखुरी वाटते.
मग तीन वर्षं पेंड, गाजर, रताळं,
आणि खोली कायम एकवीस अंशांवर.
बाहेर सेनेका तळं काठानं गोठतं, सुटतं,
याला काही कळवलेलं नाही.
गाठ कुणी आणून लावली नाही.
त्यानंच वाढवली, घरच्या घरी.
म्हणून तर हवा हा. माणसासारखी येते याला.

आज दोन फेब्रुवारी.
खाली गावात याच्याच एका भाऊबंदाला
टोपीवाल्यांनी उचलून धरलं असेल,
सावली दिसली का, थंडी अजून किती, म्हणून.
याची सावली आम्ही आत बघतो.
रंग सोडला की पडद्यावर काळं झाड उगवतं
आणि क्षणात विरतं.

यकृताला रक्त दोन दारांनी येतं.
आतड्यांकडून येतं ते भरपूर, त्यावर त्याचं भागतं.
धमनीचं थोडं.
गाठ मात्र धमनीचंच पिते,
मागच्या दाराला तोंडही लावत नाही.
तिच्या त्या एका खोडीवर
आमचं सगळं दुकान चाललंय.

मणी कुपीच्या तळाशी बसतात.
केसाच्या जाडीचे, नुसते बघितले तर ओली रेती.
दोन सिरिंजांत इकडून तिकडे
वीस वेळा खेळवायचे, मग द्यायचे डॉक्टरांच्या हातात.
शेवयीपेक्षा बारीक नळी. थेंब. थांबा. थेंब.
घाई केली की मणी उलटे फिरतात.
एकतीस नंबरला जठराच्या भिंतीत गेले,
मादी होती, चार दिवस खाल्लं नाही तिनं.
वहीत आहे ते. तेवढ्याचसाठी तर आहे वही.

पुन्हा रंग सोडला.
एक फांदी उगवली नाही.
कुणी काही बोललं नाही, डॉक्टरांनी फक्त चष्मा वर सारला.
सात दिवसांनी पातळ काप,
कोणता मणी कुठवर गेला ते मोजायचं.
तो दिवस कॅलेंडरवर मी पेन्सिलनं लिहिते. का, माहीत नाही.

रविवारी बाप विचारतो, वृद्धाश्रमात,
तिथं नेमकं करतेस काय?
वूडचकची देखभाल.
खोकला लागेपर्यंत हसतो.
मग, डोळे पुसत, एकदम कामाचं बोलल्यासारखा:
आकडा किती झाला?
सत्तेचाळीस.
मान हलवतो. बरा आहे, म्हणतो.

साडेचारला हा शुद्धीवर येतो.
आधी मिशा, मग एक पुढचा पाय.
मग शीळ,
उतारावर बंदूकवाला दिसला की घालतात ती,
स्वतःसाठी नसते, बाकीच्यांसाठी असते.
पलीकडच्या खोलीत एकवीस पिंजरे
चावायचे थांबतात.
मी दारातच उभी,
हातात रताळ्याची फोड.