दोन पोटांची गाडी

खोर्जुव्याच्या या वाड्यावर ट्रान्सफॉर्मर एकच,
त्रेसष्ट केव्हीएचा, क्रुसाजवळ,
फणसाच्या फांदीला जेमतेम चुकवून उभा.
त्याचा ताप मी कानांनी मोजतो.
सूर तोच राहतो, दम तेवढा वाढतो.

संध्याकाळी सात. आंजेलाची घंटा होते
आणि पणजीहून परतलेल्या चार गाड्या
एकदमच तोंड लावतात भिंतीला.
त्यात मे महिना, खोलीखोलीत एसी,
आवेलीनबायचा ओव्हन.
दिवे पिवळे पडतात,
माझा फोन वाजतो.

वीज घाटापलीकडून येते, कुणाच्या तरी कोळशाची.
पाहुणी एकच,
आणि साऱ्यांचं आवतण एकाच वेळचं.

कॉस्मेला म्हटलं, बाब, तुझ्या गाडीला पोटं दोन.
विजेचं उपाशी राहिलं तर पेट्रोलचं चालवील.
घाई कसली?
मध्यरात्रीनंतर लाव, तेव्हा जाळं मोकळं असतं.
हे माझं नव्हे, सर्क्युलरचं म्हणणं;
मी फक्त वाचून दाखवलं.

चौघांनीही ऐकलं. शिकलेली माणसं.
चौघांनीही टायमर लावले,
न ठरवता, चौघांनीही दोनचे.

दोनला रोक पोदेर पीठ मळायला घेतो.
यंत्राने एक गिरकी घेतली, अर्धी घेतली,
मग नुसतंच कण्हत राहिलं.
सकाळी भोंपू उशिरा वाजला.
पाव असे, की आवेलीनबायने एक
दाराला अडसर म्हणून लावून दाखवला.

रोक माझ्यावर ओरडला नाही.
पिठाचे हात पुसत एवढंच म्हणाला,
"मोकळं कोण सांगतो?
रात्री आम्ही असतो ना."

सर्क्युलरमध्ये हे नव्हतं.
माझ्या वहीतही नव्हतं, वीस वर्षांच्या.

आता बेकरीच्या दारावर खडूने वेळा लिहिल्यात:
कॉस्मे, अकरा ते एक, अर्धं पोट पुरे.
डॉक्टर कुंकळयेकर, एक ते दोन.
दोन ते साडेतीन, पीठ. हे ठळक, दोनदा गिरवलेलं.
मग लुर्दिना, मग सावळो मास्तर.
मास्तर दर सोमवारी विसरतात,
रोक त्यांच्या खिडकीवर खडा मारतो.

परवा खाली एक ओळ वाढली,
कुणा लहानाच्या अक्षरात:
पाच ते सहा, स्कूटर.
नाव नाही.
मीटर बघितला असता तर कळलं असतं.

मी क्रुसाजवळ उभा राहिलो, पाचला.
दम किंचित वाढला.
झेपत होतं.